मास्तरांची कंबर

—नाही नाही, खुर्ची नको डॉक्टर, उभेच राहा. बसलेल्या माणसाच्या अंगावर कोट बघतात होय कुणी? या, असे इकडे या, आणि आरशाकडे पाठ करा — हो, पाठच. सगळी माणसं आत आली की आधी आरशाकडे तोंड करतात, स्वतःला बघितलं की खांदे ताठ करतात, मग कोट कसा बसलाय ते कळणार कसं? तुम्ही रस्त्याकडे बघा. तुमचं हॉस्पिटलच दिसेल समोर, दुसरं काय दिसणार इथून. ती ऑपरेशनची टोपी हातात कशाला चुरगाळताय, ठेवा त्या कटिंगच्या टेबलावर. हात सैल सोडा. आणि हे बघा — बोलायचं नाही. ट्रायलला उभ्या राहिलेल्या माणसानं बोलायचं नाही, बोललं की पाठ हलते आणि टाचणी टोचते, हा आमच्या दुकानाचा नियम आहे. मी नाही केलेला, मास्तरांनी, आमच्या ह्यांनी केलाय. मोठमोठी माणसं इथं गप्प उभी राहिलीत. तुम्हीही राहा. सांगायचं ते नंतर सांगा, काही पळून जात नाही. आधी कोट.

माहितीय मला, तुम्ही कोटासाठी आला नाहीत. सकाळी माझ्या नवऱ्याचं पोट उघडलंत, आता दुपार कलली आणि तुम्ही रस्ता ओलांडून दुकानात आलात, ते कोटासाठी नसणार एवढं कळतं मला. पण आलाच आहात, कोटाला कच्चे टाके घालून झालेत, तर पाच मिनिटं उभं राहायला काय हरकत आहे? एरवी तुम्हाला कुठला वेळ. तुमच्या मागं लागून लागून ट्रायल घ्यावी लागली असती. घाला, बाही घाला — हळू, कच्चे टाके आहेत, उसवतील — हां. बघा, खांदा कसा बसलाय. उजवा. बघितलात? नाही, मान वळवू नका, मी सांगते ना, बसलाय.

ह्याचं माप घेतलं त्या दिवशी तुमच्या तपासणीच्या खोलीत बसलो होतो आम्ही तिघं, मी, हे आणि आमचा मुलगा. तुम्ही सांगत होता की आता पोट उघडूनच करावं लागेल, दुसरा इलाज उरला नाही. मुलाचा चेहरा एवढासा झाला. माझं मला माहीत. आणि ह्यांचं लक्ष कुठं, तर तुमच्या खांद्यावर. तुमचं बोलणं संपेपर्यंत थांबले आणि म्हणाले, डॉक्टर, हा कोट कुठून घेतलात, उजवा खांदा तुमचा मुळातच खाली आहे, ह्यानं तो आणखी पाडलाय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोवर हे खिशातून टेप काढून तुमच्या मागं जाऊन उभेसुद्धा राहिले. म्हणे, तुम्ही माझं पोट कापणार, तर मी तुमचं कापड कापतो, फिट्टंफाट. सिस्टर तोंडावर हात ठेवून हसत होती. तुम्ही मुकाट्यानं उभे राहिलात, हात पसरून. ते मला आवडलं हो. दुसरा कुणी म्हणाला असता, बाहेर माणसं थांबलीत, चला आटपा. त्या दिवशी घरी येताना हे रस्ताभर तुमच्या खांद्याबद्दल बोलत होते. पोटाबद्दल अवाक्षर नाही.

आमच्यात कामाची वाटणी लग्न झाल्यापासूनची — हे कापणार, मी शिवणार. मी कात्री उचलली की मास्तरांना घाम फुटतो, आणि त्यांनी सुई उचलली की मी तोंड फिरवते. खरंच सांगते, इतका नावाजलेला कटर, खडूची एक रेघ मारतील ती पुन्हा पुसायला नको, पण साधं बटण लावायला दिलं तर एखाद्याच्या जिवावर उठल्यासारखा दोरा ओढतील. तिरके टाके. घाईचे. कुठंही दिसला तरी ओळखेन मी त्यांचा टाका. ... हलू नका. पाठीच्या मधल्या शिलाईला जरा झोळ आलाय, एवढा घेते आत.

तर कापड. पहिल्या वेळेला — ते तुम्ही नव्हता, तुमचे मोठे डॉक्टर होते — पोटातली ती रक्ताची मोठी नळी फुगलीय, फुगा झालाय, फुटली तर माणूस हातात राहणार नाही, असं सांगितलं आणि आम्ही दोघं गार पडलो. मग ते म्हणाले, पोट उघडायचं नाही. जांघेतून, दोन्हीकडून छोटं भोक पाडून, आतून एक नळी सरकवत नेऊ आणि त्या फुगलेल्या जागी उघडू, म्हणजे रक्त नव्या नळीतून जाईल आणि फुग्यावरचा दाब जाईल. हे एकदम सरसावून बसले. नळी कशाची? तर म्हणाले, कापडाची. आत तारेच्या कड्या, बाहेर कापड. कुठलं कापड? पॉलिस्टर. बस्स. त्यानंतर ह्यांची भीती जी गेली ती गेलीच. घरी येऊन मला म्हणतात, अगं काही नाही, कोटाला आतून नवीन अस्तर लावायचं आहे, कोट तसाच. आणि झालंही तसंच. चालत गेले, चालत आले. मग काय विचारता, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचं, माझ्या आत पॉलिस्टर आहे, चुरगळत नाही, धुतलं की लगेच वाळतं. पोस्टमनला सांगितलं. इस्त्रीचे कोळसे आणून देणाऱ्याला सांगितलं. मी म्हणायची, अहो पुरे. पण आतून बरं वाटायचं. माणूस आपल्या मरणाची चेष्टा करतोय म्हणजे त्याला ते लांब दिसतंय, असं वाटायचं मला.

मग ते लीक निघालं. वर्षाच्या स्कॅनमध्ये. कुठून लीक, तर अस्तर फाटलेलं नाही, शिवण सुटलेली नाही — पाठीकडून त्या फुग्याला येऊन मिळणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आहेत ना, त्यांच्यातून रक्त उलटं येतंय. उलटं. म्हणजे पूर्वी ज्या फुग्यातून रक्त घेऊन जायच्या, त्याच आता बाहेरून रक्त आणून अस्तर आणि जुनी भिंत यांच्या मधे सोडतायत. आणि फुगा पुन्हा हळूहळू भरतोय. मोठे डॉक्टर म्हणाले, पुष्कळांना होतं, पुष्कळांचं आपोआप बंदही होतं, लक्ष ठेवू. ह्यांना ते पटलं. ठेवलं लक्ष. नाही बंद झालं. मग तुम्ही आलात, तुम्ही बारीक नळीतून जाऊन तिथं ग्लू सोडलात, ते काही दिवस टिकलं, मग दुसऱ्याच रक्तवाहिनीनं सुरू केलं, पुन्हा ग्लू, पुन्हा तारेची वेटोळी. तुम्ही तरी किती ठिकाणी बोट लावून धरणार? मी तुम्हाला कधी बोल लावला नाही डॉक्टर. आजही लावत नाही. हे आधीच सांगून ठेवते. हलू नका म्हटलं ना.

आता जे सांगतेय ते मी मुलालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय कोण जाणे. तुमचं तोंड तिकडे आहे म्हणून असेल.

आमचा सगळा भरवसा टेपवर. दुसऱ्या कुणाचा असला नसता, पण आमचा जन्म टेपवर गेला. स्कॅनच्या खोलीत ते गार पाणी सुईतून चढवतात, अंगात एकदम गरम गरम होतं, कागदावर काळं-पांढरं काहीतरी येतं, त्यातलं आम्हाला काय कळणार? पण टेप कळते. तर हे म्हणाले, फुगा वाढला तर कंबर वाढणार, सोपं आहे. दर रविवारी सकाळी तू माझी कंबर मोज. स्वतःची कंबर स्वतः नीट मोजता येत नाही ना, हात वर गेला की फरक पडतो, म्हणून मी. रविवारी दुकान उघडायच्या आधी, इथंच, तुम्ही उभे आहात तिथंच उभे राहायचे. मी टेप फिरवायची, बेंबीवर आकडा बघायची, म्हणायची तेवढीच. ते म्हणायचे, तेवढीच? मी म्हणायची, तेवढीच. मग चहा. काय सांगू तुम्हाला, तो चहा जो लागायचा. आठवडाभर जीव टांगणीला लागलेला असायचा आणि त्या एका शब्दावर खाली यायचा. तेवढीच. महिन्यामागून महिने तेवढीच. मग स्कॅनची तारीख आली तेव्हा हे म्हणाले, कंबर तेवढीच आहे, कशाला उगाच ती सुई. मीही म्हटलं, खरंच, कशाला. त्या वर्षी नाही गेलो. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही गेलो. तुमच्या माणसानं फोन केला होता दोनदा, मीच घेतला, मीच म्हटलं, मास्तर ठणठणीत आहेत, आम्ही लक्ष ठेवून आहोत.

मग पाठ दुखायला लागली. कटिंगच्या टेबलाशी उभं राहवेना. आम्हाला वाटलं उभ्या कामाची पाठ, सगळ्या शिंप्यांची दुखते. एक दिवस खडू हातातून पडला आणि वाकून उचलता येईना, टेबलाला धरून तसेच उभे राहिले घामाघूम, तेव्हा मुलगा ऐकेना, घेऊन आला तुमच्याकडे. आणि तुम्ही ते काळं-पांढरं पुन्हा पुन्हा खालीवर करून बघितलंत. मी तुम्हाला म्हटलं, डॉक्टर, पण कंबर तेवढीच आहे हो, मी स्वतः मोजते. तेव्हा तुम्ही काय म्हणालात आठवतंय? म्हणालात, काकू, ह्याचं कमरेवरून काही कळत नाही. फुगा आतल्या आत वाढतो, मणक्याच्या अंगाला. कंबर वाढली तरी त्यानं वाढलेली नसते आणि नाही वाढली तरी तो वाढत असू शकतो. फार हळू आवाजात सांगितलंत. मला वाटलं जमिनीनं मला पोटात घ्यावं. इतके रविवार. इतके चहा. पण ह्यांच्याकडे बघितलं तर ते माझ्याकडे असे बघत होते — मला तेव्हा नाही समजलं. मला वाटलं, बायकोची कीव करतायत. ते तसं नव्हतं.

या बाजूला वळा थोडे. नाही, एवढे नाही. माझ्याकडे तोंड नको अजून, नुसती कड बघायचीय. पुढचं पुढून बघू. मागचं होऊ दे आधी.

मागच्या आठवड्यात त्यांची हॉस्पिटलची पिशवी भरत होते. तिथं गाऊन देतात हे माहितीय मला, पण घरी येताना तरी अंगावर काही लागेल म्हणून पँट घेतली घडी घालायला. आणि हाताला लागलं. मागची शिलाई. उलटून बघितली तर आत दाबून ठेवलेलं जास्तीचं कापड सोडवून कंबर सैल केलेली. तिरके टाके. घाईचे. दुसरी पँट काढली, तिचीही. तिसरीचीही. मशीनवर मारली असती तर मला आवाज आला असता, म्हणून हातानं, मी भाजीला गेले की बसून, त्या माणसानं ज्याला बटण लावता येत नाही त्यानं. डॉक्टर, कंबर वाढली होती. तुम्ही म्हणता तसं वयानं वाढली असेल, चहाच्या साखरेनं वाढली असेल, त्याचा फुग्याशी काही संबंध नसेल — पण त्यांना कुठं माहीत होतं? त्यांना वाटत होतं फुगाच वाढतोय. दर रविवारी त्यांना ठाऊक होतं. आणि दर रविवारी मी टेप फिरवली की हे पोट आत ओढून उभे राहायचे. श्वास धरून. आयुष्यभर गिऱ्हाइकांना ओरडणारा माणूस — श्वास सोडा, पोट आत ओढू नका, कपडा तुमच्यासाठी शिवायचाय, तुमच्या फोटोसाठी नाही — तो माणूस माझ्यापुढं श्वास धरून उभा. आणि मी आकडा बघून म्हणत होते तेवढीच. आणि तो विचारत होता, तेवढीच? जसं काही त्यालाही आनंद झालाय.

मला काय लागलं सांगू? खोटं बोलले ते नाही लागलं. घाबरले असतील, स्कॅनमध्ये खरं निघेल म्हणून टाळलं असेल, माणूस आहे. मला हे लागलं की मी एवढी जवळ होते. माझे दोन्ही हात त्यांच्या कमरेभोवती होते डॉक्टर, आणि ते आत एकटेच घाबरत होते. त्यांना माझी झोप हवी होती शांत. मी झोपतही होते. चांगली घोरत होते.

... काही नाही, थांबा. दोरा सुईतून निघाला. डोळ्याला आता दिसत नाही पूर्वीसारखं. तुम्ही नका ओवून देऊ, मी ओवते.

नाही विचारलं मी त्यांना. पँटा घडी घालून पिशवीत ठेवल्या. काय विचारायचं? परवा तुम्ही संध्याकाळी वॉर्डात येऊन सगळं समजावलंत, तेव्हाही मी गप्पच. तुमच्यापुढं ह्यांनी तो खाकी कागद पसरला, पॅटर्नचा, घरून घेऊन आले होते, म्हणाले, असं तोंडी नको, ह्याच्यावर काढून दाखवा, मला कापड बघितल्याशिवाय समजत नाही. तुम्ही काढलंत. ही नळी, हा फुगा, ह्या पाठीकडच्या बारीक रक्तवाहिन्या. आधी बाहेरून ह्यांना बांधणार. मग फुगा उघडणार, आतली गुठळी साफ करणार, जिथून रक्त झिरपतंय ती तोंडं आतून टाके घालून बंद करणार. मग सैल पडलेली भिंत अस्तराभोवती आवळून शिवून टाकणार. आणि हे मध्येच म्हणाले, आवळणार की उसवणार? तुम्हाला कळेना. ते म्हणाले, आहे ते अस्तर ठेवून वरून आवळणार, की अस्तरच उसवून काढून नवीन लावणार? तुम्ही हसलात. म्हणालात, मास्तर, ठेवायचाच बेत आहे. पण वरच्या तोंडाशी ते सैल झालेलं दिसलं तर सगळं काढावं लागेल, ते काम मोठं आहे, मुख्य रक्तवाहिनीच चिमट्यात धरावी लागते, तुमच्या वयाला, तुमच्या हृदयाला ते किती झेपेल मी सांगू शकत नाही. हे म्हणाले, जुना कोट उसवायला घेतला की कापड कुठं कुठं जातं ते आम्हाला माहितीय. आणि कागदाची घडी घालून तुमच्या हातात दिली. तुमच्याकडेच आहे ना तो? असू दे. ठेवा.

आज सकाळी मात्र बोलले मी. ऑपरेशनला न्यायची ढकलगाडी आली, त्यांना गाऊन घातलेला, आणि शर्टाच्या खिशातली टेप हातात घट्ट धरून बसलेले. सिस्टर म्हणाली, आजोबा, हे आत नेता येणार नाही. तेव्हा त्यांनी ती माझ्या गळ्यात टाकली. ही काय, हीच. आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी वाकले आणि कानात म्हटलं, आता आत गेल्यावर पोट ओढून धरू नका हं. श्वास सोडा. मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, कळलं होय तुला. कधी? मी म्हटलं, पँटांची शिलाई बघितली. ओशाळले हो. ह्या वयात, असे पोरासारखे ओशाळले. म्हणाले, टाके वाईट आले का? मी म्हटलं, फारच वाईट. म्हणाले, घरी आलो की तू नीट घालून दे. मी म्हटलं, देते. तेवढ्यात गाडी ढकलली.

आणि जाता जाता वळून म्हणाले, तू इथं बसू नकोस. दुकानात जा. डॉक्टरांच्या कोटाची पाठ राहिलीय. म्हणून मी इथं आहे. लोकांना वाटेल, ही कसली बाई, नवरा आत आणि ही दुकान उघडून बसलीय. पण मला तिथं त्या खुर्च्यांवर बसवलं नसतं डॉक्टर. मुलगा आहे तिथं, त्याला फॉर्म कळतात, रक्ताची सोय कळते. मला हे कळतं. सकाळपासून तुमच्या कोटाचा एकेक टाका घालतेय आणि मान वर करून तुमचं फाटक बघतेय. उन्हं त्या पायरीवर होती ती इथं आली.

एक सांगू? इतकी वर्षं ह्या फाटकासमोर बसून मला एक समजलंय. चांगली बातमी कधी डॉक्टरांच्या पायानं रस्ता ओलांडत नाही. चांगली बातमी फाटकातून ओरडत येते. वॉर्डातला माणूस हात हलवतो, घरातलं कुणीतरी पळत सुटतं, गाड्यांना हॉर्न मारायला लावतं, चपला एकीकडे आणि माणूस एकीकडे. आमचा मुलगा असाच आला असता. लहानपणापासून असाच येतो तो, रस्ता न बघता, ह्यांच्या किती शिव्या खाल्ल्यात त्यासाठी. आणि तुम्ही मघाशी आलात ना — तुम्ही दोन्हीकडे बघितलंत. मग पुन्हा दोन्हीकडे बघितलंत. गाडी एकही येत नव्हती तरी उभे होता. टोपी काढलीत, हातात घेतलीत, मग ओलांडलात. मी तेव्हाच सुई खाली ठेवायला हवी होती. पण मला वाटलं, कोट घालून बघू. कोट घातल्यावर माणूस गप्प उभा राहतो.

आणि ह्यांनी तुमच्याकडून शब्द घेतला असणार. नाही सांगितलं त्यांनी मला, पण मी ओळखते ना. काहीही झालं तरी हिला फोनवर सांगू नका, मुलाकरवी सांगू नका, तुम्ही स्वतः जा. बरोबर ना? ... मान हलवलीत. पाठीवरून कळतं मला.

झालं. मागचं झालं सगळं. आता मागं काही उरलं नाही काढायला. आता पुढून बघायलाच हवं.

नाही, तुम्ही नका वळू. मीच येते पुढं. तुम्ही हलू नका.

... बटण इथं. एक. हे दुसरं. छातीवर छान बसलाय, कुठं ओढ नाही. त्यांचं कापलेलं असं असतं. तुमच्या कॉलरीकडे बघतेय मी, अजून वर बघितलेलं नाही. डॉक्टर, एकच सांगा मला, आणि तोंडानं नका सांगू, नुसती मान हलवा. ते लीक बंद झालं का? तुमचे टाके धरले? ... धरले. सगळे धरले. कुठंही एक थेंब नाही. बरं झालं. नाही, खरंच बरं झालं, इतकी वर्षं त्याच्या मागं लागला होतात तुम्ही. तुमचं काम चोख झालं. त्यांना आवडलं असतं.

आता दुसरं विचारणार नाही मी. तुम्हीही मान हलवू नका. वर बघितलं मी. दिसलं. हृदय थांबलं का आणखी काय झालं, ते मुलाला सांगा, त्याला सगळं समजून घ्यायचं असतं; मला नको. तुम्ही रडू नका हो. तुम्ही रडलात तर मी काय करायचं? टाचण्या आहेत अंगावर, खांदे असे हलवू नका. थांबा, काढते. एक — दोन — ही राहू दे, ही झोळाच्या खुणेची आहे. हात मागं करा. निघाला. मी पुरा करून ठेवीन, घाई करू नका मला. कधी होईल ते विचारू नका.

जा आता. मुलगा तिथं एकटा आहे, त्याच्याजवळ कुणीतरी थांबायला हवं, त्याला सांगा आई येतेय. मी जरा तोंडावर पाणी मारते आणि येते. नाही, बरोबर नको, माझी मी येईन, समोर तर आहे. शटर राहू द्या. त्याला हात लावू नका. डाव्या बाजूनं मी ओढते आणि उजव्या बाजूनं ते, तसं ते खाली येतं. मी बघते काय करायचं ते. जा म्हटलं ना तुम्हाला.